शुगर रोखणारी कॉफी तुमच्या ग्लासात आहे का?

‘रोज कॉफी प्या, डायबेटिस टाळा!’ हा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असणार. कुणीतरी त्यावर अंगठा दाखवला असेल, कुणी ‘म्हणूनच मी पितो’ असं लिहिलं असेल. गंमत म्हणजे हा मेसेज अगदीच खोटा नाही. फक्त त्यातली कॉफी आणि तुम्ही मांडव्याच्या नाहीतर अलिबागच्या कॅफेत मागवता ती कॉफी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या किनाऱ्याला कॉफी तशी नवीन नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांत जायफळ होतं, आणि तेच किसून घातलेली दुधाची कॉफी मराठी घरांत कधीमधी व्हायची. रोजचा मान मात्र चहाचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली, मुंबईच्या गाड्या थेट जेट्टीवर उतरायला लागल्या आणि अलिबागच्या रस्त्याला कॅफेंचे बोर्ड वाढत गेले. आता वाढदिवस असो की सबमिशन संपल्याचा आनंद, ‘चल, कोल्ड कॉफी मारू’ हे ठरलेलं. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी फक्त मोबाइलमधला राहिलेला नाही.

मेसेज आला कुठून?

२००२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला. १७ हजारांहून जास्त लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. दिवसाला सात किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांना टाइप २ डायबेटिस होण्याचं प्रमाण, दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या तुलनेत निम्मं निघालं. मग जगभर असे अभ्यास झाले. २०१४ मध्ये अशा २८ अभ्यासांची, म्हणजे ११ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही कल तोच दिसला. विशेष म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही तो दिसला. म्हणजे श्रेय बहुधा कॅफिनचं नाही, कॉफीच्या बीमधल्या क्लोरोजेनिक अॅसिडसारख्या इतर घटकांचं असावं, असं संशोधक मानतात.

पण थांबा. हे अभ्यास लोक काय पितात आणि पुढे त्यांना काय होतं याची नोंद ठेवतात. कॉफी पिणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. हे तपासायला डेन्मार्कच्या संशोधकांनी एक युक्ती केली. काहींच्या जनुकांमुळेच त्यांचा ओढा जास्त कॉफीकडे असतो. कॉफीच खरी राखणदार असेल, तर अशा लोकांत डायबेटिस कमी सापडायला हवा. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे ‘कॉफी पिणाऱ्यांत डायबेटिस कमी दिसतो’ हे खरं. ‘कॉफी प्यायल्यामुळे तो टळतो’ हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

आता साखर मोजू या

२०२५ मध्ये हार्वर्डच्या जुन्या, मोठ्या अभ्यासगटांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. बिनसाखरेच्या कॉफीच्या प्रत्येक कपामागे धोका सुमारे १० टक्के कमी दिसला. साखर घातली की तोच आकडा निम्म्यावर, म्हणजे ५ टक्क्यांवर आला. आणि ही साखर किती? सरासरी कपाला एक चमचा.

आता आपला ग्लास घ्या. घरी कोल्ड कॉफी करताना चार चमचे साखर सहज पडते, म्हणजे साधारण २० ग्रॅम. वर आइस्क्रीमचा एक गोळा, त्यात आणखी दहा-बारा ग्रॅम. ग्लासाच्या कडेने चॉकलेट सिरप फिरवलं की आणखी भर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. तुमचा अख्ख्या दिवसाचा कोटा एका ग्लासात संपला, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंय!

बरं, त्यात कॉफी तरी किती? घरातल्या इन्स्टंट कॉफीच्या पुडीमागचं बारीक अक्षर वाचा. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं लिहिलेलं असेल, तर नियमानुसार त्यात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी वाईट नाही, पण ती कॉफी नव्हे. सगळे अभ्यास कॉफीचे आहेत.

चहावाल्यांनी हसू नये. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम!

‘मी तर बारीक आहे’

हे वाक्य आपल्या वयात सगळ्यात जास्त ऐकू येतं. याला उत्तर पुण्यातून आलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपली ठेवण. म्हणून वजनाचा काटा ठीक दिसला तरी आपल्याकडे डायबेटिस लवकर आणि कमी वजनात गाठतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे. सर्वांत जास्त प्रमाण आपल्याच किनाऱ्यावर थोडं खाली, गोव्यात सापडलं: २६.४ टक्के.

तुमचं काय, हे घरबसल्या पाहता येतं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने चार प्रश्नांची गुणपत्रिका बनवली आहे: वय, कमरेचा घेर, व्यायाम, आणि आईवडिलांपैकी किती जणांना शुगर आहे. ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. समजा मुलगा २२ वर्षांचा, वयाचे गुण शून्य. कंबर ९२ सेंटिमीटर, १० गुण. व्यायाम नाही आणि बैठं काम, ३०. आई आणि बाबा दोघांनाही शुगर, २०. झाले ६०! या पत्रिकेत कॉफीचा रकानाच नाही. कमी करता येण्यासारखे ४० गुण कंबर आणि व्यायामाचे आहेत.

मग करायचं काय?

कॉफी आवडत असेल तर खुशाल प्या. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जीभ ऐकते. आइस्क्रीमवाली कोल्ड कॉफी गोड पदार्थ म्हणून खा, कधीमधी, चौघांत एक. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका कॅफिन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. इन्स्टंट कॉफीच्या एका लहान कपात ५० ते ६५, ताज्या गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे मुलींनी जास्त लक्षात ठेवावं.

घरात कुणाला आधीच शुगर असेल, तर तो फॉरवर्ड वाचून गोळी चुकवली जात नाही ना, एवढं बघा. कॉफी हे औषध नाही. उलट कॅफिनमुळे काही जणांची शुगर तात्पुरती वाढते, त्यामुळे बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून.

आईबाबांना तपासणीसाठी घेऊन जा. तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, गावातल्या आशाताईंना विचारा. तुम्ही तिशीच्या आत असलात आणि गुण ६० असतील, तर वाट बघू नका. उपाशीपोटी १०० च्या आत म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करायची. आणि उपाशीपोटी म्हणजे खरंच उपाशीपोटी. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर आठ तास फक्त पाणी. काळी, बिनसाखरेची कॉफीसुद्धा रक्त देऊन झाल्यावरच.