सहाव्या वर्षीची दाढ

झाशी जिल्ह्यातील टहरौली हे तहसिलीचे गाव. या बुंदेलखंडी मुलुखात कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दात घासण्याची रीत पिढ्यानपिढ्यांची आहे. तेथील ‘दातौन’ हा शब्द आपल्या ‘दातवण’ या शब्दाचा सख्खा भाऊच होय. अठराव्या शतकात मराठी सत्तेबरोबर झाशीस स्थायिक झालेल्या कुटुंबांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. आधी तोंड स्वच्छ, मग अन्न, हा दंडक दोन्हीकडे सारखाच.

परंतु हा दंडक मोठ्यांचा. मूल तो टाळते. आईबाप दोन दिवस रागावतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मनात समजूत अशी, की दुधाचे दात आज ना उद्या पडणारच. ही समजूत महाग पडते. दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागच्या बाजूस पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. ती किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

कीड लागते म्हणजे काय होते? दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. गूळ, बत्तासा, बिस्किट यांतील साखरेपासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते. लाळ हे आम्ल धुऊन काढते. परंतु झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणूनच रात्री झोपण्यापूर्वीचे दात घासणे सकाळच्याहूनही अधिक मोलाचे. आपल्या जुन्या रीतीत नेमकी हीच एक उणीव होती.

मग मुलास सवय लावावी कशी? कीड दात खाऊन टाकील, डॉक्टर सुई टोचतील, असा धाक घातल्याने मूल दातांची काळजी घेत नाही. ते डॉक्टरांना मात्र भिऊ लागते. मूल उपदेशापेक्षा अनुकरणाने शिकते. आई किंवा वडील रोज ठरल्या वेळी त्याच्या शेजारी उभे राहून दात घासतील, तर वेगळे सांगावे लागत नाही. अनुकरणाची ही शक्ती उलटही चालते. घरातील मोठी माणसे मशेरी किंवा गुल दातांना लावीत असतील, तर मूल तेही उचलते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात 1992 साली बंदी झाली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला आवर मात्र घरानेच घालावयाचा आहे.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसे वळण नसते. त्याने आधी स्वतः घासावे, मागून मोठ्यांनी हात फिरवावा, विशेषतः मागच्या दाढांवर. ब्रश लहान व मऊ असावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. वेळ दोन मिनिटे. तेवढ्यात एखादे बालगीत म्हणून होते, आणि गाणे संपेपर्यंत ब्रश थांबत नाही. ब्रशचा रंग मुलालाच निवडू द्यावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज त्याच्या हाताने खूण करू द्यावी. बक्षीस म्हणून गोळी मात्र देऊ नये!

स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून शिक्षिकांच्या देखरेखीखाली मुले रोज एकत्र दात घासतात. चार मुले घासू लागली की पाचवे मागे राहत नाही. आपल्याकडे 1975 पासून गावोगाव अंगणवाड्या आहेत. तेथेही हे घडू शकेल. परंतु रात्रीची वेळ अंगणवाडीच्या हाती नाही. ती घराचीच आहे. दिवा मालवण्यापूर्वीची ती दोन मिनिटे आईबापांनी दिली, तर सहाव्या वर्षी आलेली दाढ साठाव्या वर्षीही भाकरी चावील.