प्रथिनांचे लागेबांधे

रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या पेशी मरायचं नावच घेत नाहीत. पेशीला मरणाकडे ढकलणारी ‘बिम’सारखी प्रथिनं त्यांच्यात असतात, पण ‘बीसीएल-२’ नावाचं प्रथिन त्यांना आपल्या खाचेत पकडून ठेवतं. २०१६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. ‘बिम’ सुटतं आणि पेशी मरते. औषधाने तोडली ती दोन प्रथिनांची गाठ.

अशा गाठी शरीरात किती? प्रथिनं घडवणारी आपली जनुकं सुमारे २० हजार. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका नकाशात प्रथिनांच्या सुमारे ५३ हजार जोड्या नोंदवल्या आहेत, आणि तोही अपुराच. अशा नकाशाला आंतरक्रिया-जाळं म्हणतात. रोगाला कारण ठरणाऱ्या प्रथिनावर औषध चालत नसेल, तर त्याच्या सोबत्यांवर नेम धरता येतो, हा त्याचा मोठा उपयोग.

करोनाकाळात असं जाळं घाईने विणलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नेव्हन क्रोगन यांच्या गटाने करोना विषाणूच्या २६ प्रथिनांना एकेक शेपूट जोडलं, मानवी पेशींत ती तयार करवली आणि शेपटाला धरून बाहेर ओढली. त्यांना चिकटून आलेली मानवी प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखली. ३३२ जोड्या मिळाल्या. त्यांतल्या ६६ मानवी प्रथिनांवर काम करणारी ६९ औषधं आणि संयुगं आधीच ठाऊक होती.

त्यांतल्या काहींनी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये विषाणू रोखलाही. विशेष आशा होती ती या जोड्यांतल्या ‘सिग्मा’ नावाच्या मानवी प्रथिनांना चिकटणाऱ्या औषधांवर. पण २०२१मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने वेगळंच दाखवलं. सिग्माला चिकटण्याचा आणि विषाणू रोखण्याचा मेळ बसत नव्हता. यांतली अनेक औषधं पेशीत फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ साठवतात; विषाणूची वाढ खुंटते ती त्या बिघाडामुळे. रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

जोडी सापडणं वेगळं आणि ती तोडल्याने रोग हटणं वेगळं. ‘बीसीएल-२’चा शोध १९८०च्या दशकातला, गोळी यायला तीन दशकं लागली. म्हणून जाळ्यातून औषध सापडल्याची बातमी वाचली, की एवढंच विचारावं: ती जोडी तोडून पाहिली का, आणि कुठे? बशीतल्या पेशींत, उंदरात की माणसात?