महिधरपुऱ्यातले आंतरराष्ट्रीय राजकारण

आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे नुसत्या शिखर परिषदा नव्हेत. लिबरल आर्ट्सच्या महाविद्यालयात हा विषय इतिहास, अर्थशास्त्र सोबत घेऊन शिकवला जातो आणि त्यासाठी सुरतेइतका चांगला धडा क्वचितच सापडेल. तिथल्या महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दलाल भर रस्त्यात कागदाची पुडी उलगडून हिरे दाखवतात. पैलू इथे पडतात, कच्चा माल मात्र परदेशातून येतो. जी-७ देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. १ मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेले मोठे रशियन हिरेही तिच्या कक्षेत आले. तिसरा देश म्हणजे मुख्यतः भारत, खरे तर सुरतच.

संशोधनाचे प्रश्न इथून सुरू होतात. २००३ पासून लागू असलेली किम्बर्ली प्रक्रिया ही हिरे-प्रमाणनाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरेच निषिद्ध मानते. रशियासारख्या सरकारने पुकारलेले युद्ध त्या व्याख्येत बसत नाही. ही व्याख्या कोणाच्या सोयीची? घासलेला हिरा कोणत्या खाणीतला हे नजरेने कळत नाही, मग पुराव्याचा भार कोणावर? निर्बंधांचे मसुदे, आयात-निर्यातीचे आकडे वाचायलाच हवेत. पण सुरतेच्या वराछात घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसणाऱ्या कारागिराशी बोलल्याशिवाय हा अभ्यास मला अपुराच वाटतो. त्याची मजुरी बहुधा नगावर ठरते, त्यामुळे माल घटला की पहिली झळ त्यालाच बसते.