दहावीनंतर जंगलपट्ट्यात

चंद्रपूर-गडचिरोलीत जंगल पायाखालचं, पण वनरक्षक भरतीची अट अनेकांना उशिरा कळते. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी पुरते. म्हणजे इतरांचा निर्णय अकरावीचे विषय निवडतानाच होतो! आयटीआयची वाट तर सर्वांना ठाऊक आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. पदवीसाठी गडचिरोलीत 2011पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. शिक्षकांनो, ही माहिती नववीतच द्या. पालकसभेतही सांगा, कारण घरचा निर्णय बहुधा तिथूनच ठरतो. आणि भरतीची ताजी जाहिरात मुलांकडून स्वतः वाचून घ्या, अटी बदलतात.