लॉत नदीच्या काठाकाठाने

मराठीत चालण्याला शब्दांचा तोटा नाही. जेवण झाल्यावर आपण शतपावली घालतो, देवाला प्रदक्षिणा घालतो, नर्मदेची परिक्रमा करतो, आषाढात वारीला जातो. कचेरीत काम अडले की पायपीट होते आणि विहीर आटली की वणवण. परंतु पायांत बरे जोडे आहेत, हवा छान आहे आणि पुढच्या गावात आपले काडीचेही काम नाही, म्हणून चौदा-पंधरा किलोमीटर चालून यावे, ह्या प्रकाराला आपल्याकडे नेमका शब्द नाही. 'भटकंती' म्हणावे तर तिच्यात गडाचा चढ आणि धाप लागणे आलेच. फ्रेंचांजवळ मात्र त्यासाठी 'रांदोने' असा सुटसुटीत शब्द आहे. नुसता शब्दच नव्हे, त्याच्या पाठीशी सुमारे १,८०,००० किलोमीटर आखलेल्या पाऊलवाटाही आहेत!

ह्या वाटा सडका नव्हेत. शेताचा बांध, रानातली गाडीवाट, नदीचा काठ, कोणाच्या तरी परसामागची बोळकांडी, अशा जुन्याच वाटा जोडून त्या झाल्या आहेत. १९४७ साली ऑर्लेआँ शहराजवळ त्यांतल्या पहिल्या लांब वाटेचा २८ किलोमीटरांचा तुकडा खुला झाला. खुणा अगदी साध्या. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर पांढरा पट्टा आणि त्याखाली तांबडा दिसला, तर तुम्ही लांब पल्ल्याच्या वाटेवर आहात. पिवळा पट्टा ही गावाभोवतीच्या छोट्या फेरीची खूण. पट्ट्यांची फुली दिसली, तर ही वाट तुमची नव्हे, मागे फिरा. हे पट्टे रंगवायला हौशी माणसे आपणहून हातात डबा अन् ब्रश घेऊन निघतात. आमचे अण्णा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे दिंडीआधी रस्ता झाडणारेच की हे!"

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. निफाड तालुक्यात त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. गळ्यात तुळशीची माळ, आणि पायी वाऱ्या वीसाच्या वर. त्यांची मुलगी तुलूझला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले. पॅरिसबद्दल मराठीत इतके लिहून झाले आहे की मी न लिहिल्याने कोणाचे अडणार नाही. आम्ही तुलूझहून आगगाडीने दीडएक तासात काओरला उतरलो आणि तिथून पाच दिवस, जमेल तसे, लॉत नदीच्या खोऱ्यात चाललो.

काओर हे गाव नदीच्या वळणात बसले आहे. तीन बाजूंनी पाणी, एकीकडे जमीन. सापाने वेटोळे घालून मध्ये अंडे जपावे तसे. गावाच्या पश्चिमेला व्हालांत्रे नावाचा तीन बुरुजांचा दगडी पूल आहे. १३०८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. ते इतके रेंगाळले, की गवंड्याने कंटाळून सैतानाशी करार केला अशी दंतकथा आहे. तू सगळी कामे कर, आत्मा तुझा. पूल होत आला तेव्हा गवंड्याने सैतानाला शेवटचे काम सांगितले : कामगारांना चाळणीतून पाणी आणून दे! सैतान हरला, पण तेव्हापासून मधल्या बुरुजाचा एक दगड म्हणे तो रोज रात्री काढून नेई. १८७९ मध्ये डागडुजी करताना तिथल्या वास्तुविशारदाने त्या कोपऱ्यावर दगडाला झोंबणारा एक चिमुकला सैतानच कोरून ठेवला. पुलावरून पाठीवर पडशी आणि पडशीला शिंपला बांधलेली माणसे चालली होती. पुईहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रेकरूंची वाट इथूनच जाते. सारे मिळून १,५०० किलोमीटर. अण्णांनी त्यांतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईला वाकून नमस्कार केला. तिनेही लगेच हात जोडले. भाषेची गरज पडली नाही.

काओरच्या खाली नदी वळसे घेत जाते आणि प्रत्येक वळशाच्या पोटात द्राक्षे आहेत. तिथे आमची चालण्याची गती संपली. कारण अण्णा दर दहा पावलांवर थांबू लागले. त्यांना माती पाहायची होती, खोड पाहायचे होते, काडीची जाडी बोटांनी मोजायची होती. आपल्याकडे वेल मांडवावर किंवा 'वाय' आकाराच्या लोखंडी अँगलवर चढवतात आणि घड डोक्याशी लोंबतात. इथे वेल जेमतेम छातीएवढा आणि घड गुडघ्याशी. आपल्याकडे थंडी अशी पडतच नाही, म्हणून वेलाला झोप नाही. त्याला वर्षातून दोनदा कापावे लागते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. शिवाय डोळे फुटावेत म्हणून काडीला औषधाचा हात द्यावा लागतो. इथला वेल हिवाळाभर गाढ झोपतो आणि एकाच छाटणीवर भागते. "सुखी आहे लेकाचा," अण्णा म्हणाले. ते वेलाला म्हणाले की मालकाला, हे मला कळले नाही.

इथले द्राक्ष माल्बेक. मणी लहान, काळाकुट्ट, जाड सालीचा. त्याची दारू इतकी गडद की तिला 'काळी दारू' म्हणत. अण्णा माळकरी, त्यामुळे पेल्याचा प्रश्नच नव्हता. मी माझ्यापुरता तो सोडवला. त्यांनी मणी मात्र चाखला आणि निकाल दिला, "साखर चांगली आहे. बी फार."

वाटेच्या कडेला बाग असली की येणारा-जाणारा घड तोडणारच, हे दुखणे सगळीकडचे. नाशिककडचा कोणताही बागाईतदार 'बोर्डो मारला' असे दिवसातून चारदा म्हणतो. मोरचूद आणि चुना ह्यांचे ते निळसर पाणी. त्याचा जन्म अशा चोरीतून झाला. लॉत पुढे गारोन नदीला मिळते आणि गारोन जाते बोर्डो शहराकडे. तिथल्या मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर हे निळे पाणी शिंपडत. हेतू एवढाच, की वाटसरूला ते विष वाटावे आणि त्याने हात लावू नये. त्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या डावणी रोगाने फ्रान्सच्या बागा जळत चालल्या होत्या. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८२ मध्ये पाहिले, की आतल्या ओळी रोगाने झडल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या हिरव्यागार आहेत! तीन वर्षे प्रयोग करून १८८५ मध्ये त्याने औषध जाहीर केले. मी ही हकिकत सांगितली तेव्हा अण्णा बांधावर बसून पोटभर हसले. जाता जाता : 'डावणी' हा शब्द इंग्रजी 'डाउनी'चा आहे, पण निफाडमध्ये कोणाला तो परका वाटत नाही. शब्दाला मराठी करायचे तर समिती लागतेच असे नाही.

त्याआधी मुळांवरची फायलोक्सेरा कीड आली होती, तीही अमेरिकेचीच. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकन वेलाच्या मुळांवर फ्रेंच वेलाचे कलम करू लागले. अण्णांच्या बागेतही खाली अमेरिकेचे डॉगरिज आहे आणि वर थॉम्सन.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर उपटलेली बाग लागली. नांगरलेल्या मातीच्या कडेला खोडांचा घरभर उंच ढीग, मुळे आकाशाकडे. जवळच ऐंशीच्या घरातला एक म्हातारा बागवान अंजिरे वेचत होता. पुतणी दुभाषी झाली. १९५६ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की खोऱ्यातल्या जवळजवळ साऱ्या बागा मेल्या. म्हातारा तेव्हा लहान मुलगा होता. बाप ती खोडे चुलीत घालत होता आणि नवी लावत होता, एवढे त्याला आठवत होते. १९७१ मध्ये काओरच्या दारूला नावाची सरकारी मान्यता मिळाली आणि चांगले दिवस आले. आता लोक दारूच कमी पितात. त्यात २०२४ च्या एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर हिमकण पडले. त्याच वर्षी सरकारने बाग कायमची काढणाऱ्याला हेक्टरी ४,००० युरो देण्याची योजना काढली. मुलगा शहरात, म्हाताऱ्याने अर्धी बाग काढली.

"आता तिथे काय लावणार?" अण्णांनी विचारले.

"गवत. शेजाऱ्याच्या मेंढ्या चरतील."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. वाचकांना सांगायला हवे, की २०२३ च्या नोव्हेंबरातली गारपीट अण्णांच्या बागेवरही पडली होती. कर्ज अजून फिटलेले नाही आणि एकुलती एक मुलगी हे सगळे फ्रेंचमधून मराठीत आणत समोर उभी होती. बाग काढावी का, हा प्रश्न घरात वर्षभर पडून होता. त्याचे नाव कोणी काढत नसे. म्हाताऱ्याने निघताना अण्णांचा तळवा उलटा करून पाहिला, छाटणीच्या कात्रीचा घट्टा चाचपला आणि ओंजळभर अंजिरे त्यांच्या हातात ठेवली.

पुढचे दोन दिवस आम्ही काओरच्या वरच्या अंगाला होतो. नदीवरून चढून गेले की चुनखडीचे पठार लागते. त्याला तिथे 'कोस' म्हणतात, आणि चालता चालता आपलाच कोस आठवतो! खुरट्या ओकांचे रान, शेवाळलेल्या दगडी ताली, मध्येच मेंढपाळाची चुन्याशिवाय रचलेली गोल खोपी. पायांखाली ओकफळे कुरकुरतात. माणूस दिसत नाही. इथल्याच पेश मेर्ल गुहेत १९२२ साली गावातल्या पोरांना आदिमानवाची चित्रे सापडली. ठिपक्यांचे घोडे पाहायला लोक येतात. मला मात्र तिथल्या चिखलात उमटून राहिलेले एका पोरसवदा माणसाचे पाऊल विसरता येत नाही. पाच बोटे, टाच, सगळे स्पष्ट.

बूझिएसपासून सँ-सीर-लापोपीपर्यंतची वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत देखणी. कडा थेट पाण्यात उतरलेला. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कडाच आतून कोरून वाट केली आहे. डोक्यावर खडक, उजेड एका बाजूने, पलीकडे हिरवे संथ पाणी. दारूच्या पिंपांनी भरलेल्या सपाट होड्या ह्या नदीने खाली बोर्डोकडे जात आणि परत येताना त्यांना काठावरून दोराने ओढावे लागे. रेल्वे आली, होड्या गेल्या, वाट राहिली. सँ-सीर-लापोपी हे कड्यावरचे गाव पिंपांच्या लाकडी तोट्या कातणाऱ्यांचे. कवी आंद्रे ब्रतों १९५० मध्ये इथे आला आणि १९६६ मध्ये मरेपर्यंत त्याने आपले उन्हाळे इथेच काढले.

त्या संध्याकाळी आम्ही चौकात पाव, अक्रोड आणि शेळीच्या दुधाचे चपटे चीज घेऊन बसलो होतो. अण्णांनी फोन काढला. निफाडला रात्रीचे साडेआठ वाजले होते. छाटणीच्या टोळीच्या मुकादमाला त्यांनी ऑक्टोबरची दहा तारीख दिली.

"किती एकर धरू?" पलीकडून आवाज आला.

अण्णांनी लेकीकडे पाहिले. ती अक्रोड फोडत होती.

"तीन धर," ते म्हणाले, "चौथ्याचं आल्यावर बघू."