सागरी प्रवाह आणि किनाऱ्याचा प्राणवायू

‘प्रवाह’ हा शब्द उच्चारताच नदी डोळ्यांपुढे येते. दोन काठांमधून एकाच दिशेने जाणारी. समुद्राच्या संदर्भात हे चित्र अपुरे ठरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. शिवाय किनाऱ्याच्या जीवसृष्टीच्या दृष्टीने त्याच्या आडव्या गतीइतकीच पाण्याची उभी हालचालही निर्णायक असते. प्रस्तुत लेखात या हालचालीचा विचार करावयाचा आहे.

पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील वारे काहीसे उत्तरेकडून, किनाऱ्याला तिरपे येतात. त्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते व त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. केवळ स्थानिक वाऱ्याने या घटनेचा पूर्ण उलगडा होत नाही. बंगालच्या उपसागरात उत्पन्न होऊन किनाऱ्याच्या आधाराने पश्चिमेकडे येणाऱ्या दीर्घ लाटाही तीस कारणीभूत होतात. केरळच्या किनाऱ्यावर ही क्रिया प्रबळ असते. उत्तरेकडे ती क्षीण होत जाते.

वर येणाऱ्या पाण्यात नत्र व फॉस्फरस यांची संयुगे विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात. तारली व बांगडा यांच्या विपुलतेचे मूळ येथेच आहे. परंतु याच पाण्यात प्राणवायू अल्प असतो. गोवा व कारवारच्या समुद्रात पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ, हलका थर वर पसरतो आणि झाकणाप्रमाणे खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तोडतो. मृत वनस्पती तळाशी कुजतात व उरलेला प्राणवायूही खर्ची पडतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यानजीक तळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही आढळला.

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. जमिनीवरून वाहून येणाऱ्या खतांतील नत्रामुळे ही स्थिती तीव्र होत असावी, असे अनुमानही त्यांनी मांडले. मूळ स्थिती नैसर्गिक आहे, याविषयी दुमत नाही. मानवाचा वाटा किती, हा प्रश्न अद्याप चर्चेत आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हे. नारळी पौर्णिमेनंतर परंपरेने होड्या समुद्रात लोटल्या जातात, आणि नेमके त्यानंतरचेच काही आठवडे तळच्या पाण्यात प्राणवायूच्या टंचाईचे असतात. तळाशी राहणारे मासे अशा पाण्यातून दूर सरतात; ज्या प्राण्यांना हलता येत नाही, ते गुदमरतात. पुढे प्रवाह उत्तरेकडे वळला, म्हणजे वरचे पाणी किनाऱ्याशी येऊन खाली दबते व तळास पुन्हा प्राणवायू मिळतो.

सारांश, किनाऱ्याची समृद्धी व त्याची घुसमट ही एकाच अभिसरणाची दोन फळे होत. या अभिसरणावर आपली सत्ता चालत नाही. नद्यांवाटे समुद्रात काय सोडावे, हे मात्र आपल्याच हाती आहे.