लक्ष्मीच्या वाहनाची फिर्याद

आश्विनी अमावास्येला आपल्या घरोघर लक्ष्मीपूजन होते. नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, चोपड्या पुजतात, लाह्या-बत्तासे वाटतात. याच रात्री देशात ठिकठिकाणी एक दुसराही विधी गुपचूप चालतो आणि त्यात बळी जातो तो लक्ष्मीच्या वाहनाचा, म्हणजे घुबडाचा. घुबडाचे नख तिजोरीत किंवा पीस गल्ल्यात ठेवले, की धन धावत येते अशी समजूत आहे. लक्ष्मीने यावे म्हणून तिचे वाहनच कापायचे! पाहुणे यावेत म्हणून त्यांच्या टांग्याचा घोडा मारण्यातलाच हा प्रकार. पण अंधश्रद्धेला तर्कशास्त्राची परीक्षा कधी द्यावी लागत नाही.

वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१० साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतात घुबडांच्या सुमारे तीस जाती आढळतात. त्यांपैकी पंधरा जातींची चोरटी खरेदी-विक्री होते, असे त्यात नमूद आहे. मंत्रतंत्र हे या व्यापाराचे एक मोठे कारण. म्हणून दिवाळीच्या आधीचे काही दिवस या मुक्या जिवांना फार वाईट जातात.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला या पक्ष्याबद्दल थोडी अधिक कणव वाटते, कारण भाषेनेही त्याच्यावर अन्यायच केला आहे. मूर्खाला आपण घुबड म्हणतो. पंचतंत्राच्या 'काकोलूकीय' तंत्रात अखेर कावळेच जिंकतात आणि घुबडे गुहेत जळून मरतात. 'दिवाभीत' हे नाव तर जणू त्याच्या भित्रेपणावरचा शिक्काच! शेतकऱ्याच्या पिकातले उंदीर रात्रभर टिपून खाणाऱ्या या बिनपगारी राखणदाराला आपण एवढीच बिदागी दिली.

खानदेशचा हरवलेला पिंगळा

या घराण्यातला एक पक्षी आपल्या खानदेशाशी विशेष जोडला गेला आहे. त्याचे नाव वनपिंगळा. १८७३ साली ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जो दिसेनासा झाला तो झालाच. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखे जाणतेही त्याचा माग काढून रिकाम्या हातांनी परतले. पिंगळा जगातून गेला, असे बहुतेकांनी धरून चालले.

येथे गोष्टीत एक चोर येतो. कर्नल माइनर्ट्‌झहागेन हे नामांकित पक्षिसंग्राहक. १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण वनपिंगळा मिळवला, अशी चिठ्ठी जोडलेला नमुना त्यांच्या संग्रहात होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीला त्या चिठ्ठीचा संशय आला. नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, मुळात डेव्हिडसनचा खानदेशी नमुना निघाला! खोट्या चिठ्ठीने शोधकांना भलत्याच गावी पाठवले होते. खरी जागा कळल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ही मंडळी खानदेशात आली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना वनपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. पुढे हा पक्षी तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही आढळला.

गंमत अशी, की हा पिंगळा दिवाभीत मुळीच नाही. तो दिवसाउजेडी झाडाच्या उघड्या फांदीवर बसतो आणि शिकारही दिवसाच करतो. साहजिकच तो माणसाच्या नजरेस चटकन पडतो. ही नजर राखणाराची असेल तर त्याचे भाग्य, मारणाराची असेल तर दुर्दैव. जंगलतोड हे त्याच्यावरचे मोठे संकट आहेच. आधीच हाताच्या बोटांवर मोजावी इतकी ठिकाणे उरलेल्या या पक्ष्याला त्यात गलोल आणि फासा यांची भर कशी सोसेल?

फिर्यादी कोण?

मागे वर्गात हा विषय निघाला तेव्हा सातपुड्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, घरफोडी झाली तर घरमालक चौकीवर जातो. पिंगळ्याच्या तर्फे कोण जाणार?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. वन्य जिवांच्या गुन्ह्यातली खरी अडचण हीच आहे. ज्याचा जीव जातो त्याला वाचा नाही, नातलग नाहीत, वकील तर नाहीच. यावल आणि अनेर ही आपली दोन्ही अभयारण्ये डोंगरदऱ्यांची. तेथे मोजक्या वनरक्षकांनी पाहून पाहून किती पाहावे? म्हणून ज्याने पाहिले तोच फिर्यादी, असे मानल्याशिवाय गत्यंतर नाही.

कायद्याने हे स्थान नागरिकाला दिलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ आपल्या कल्पनेहून विस्तृत आहे. केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फासा लावणे, विष घालणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे म्हणजेही शिकारच. वनपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. याच कायद्यातील ५५ व्या कलमाप्रमाणे कोणीही नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. गुन्हा उघडकीस आणण्यास ज्याने मदत केली, त्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम बक्षीस देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे.

सामान्य माणसाच्या साक्षीला वजन ते किती, असे कोणी म्हणेल. त्याने राजस्थानातील कांकाणी गाव आठवावे. १९९८ साली तेथे काळविटांची शिकार झाली. बंदुकीचा आवाज ऐकून धावले ते बिष्णोई गावकरी. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, ती वर्षानुवर्षे बदलली नाही, आणि २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने हिंदी चित्रपटांतील एका प्रख्यात नटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. निकालावर अपील झाले, तो भाग निराळा. साधी शेतकरी माणसे वीस वर्षे आपल्या शब्दाला चिकटून राहिली, हे मोलाचे.

काय करावे, काय टाळावे

समजा, आठवड्याच्या बाजारात कोणी पिशवीत घुबड घेऊन हिंडताना दिसला, किंवा रानात फासे दिसले. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावे. तातडी असेल तर ११२ वर पोलिसांना. ठिकाण, वेळ, माणसे किती, वाहनाचा क्रमांक, प्राणी कोणता, एवढे नेमके सांगितले तर तपासाला दिशा मिळते. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती करता येते. प्रकरण आंतरराज्य टोळीचे वाटले तर केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोचे एक कार्यालय नवी मुंबईतही आहे.

टाळायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. शिकाऱ्याशी एकट्याने हुज्जत घालू नये. त्याच्याजवळ हत्यार असू शकते. फाशांना हात लावू नये. तो पुरावा आहे. आणि दया येऊन पक्षी विकत घेऊन सोडू तर मुळीच नये. पैसे मिळाले की पकडणारा दुसऱ्या दिवशी आणखी दोन आणतो, आणि असा पक्षी बाळगणे हाही गुन्हाच ठरतो. वनपिंगळा दिसल्याच्या आनंदात त्याच्या झाडाचा पत्ता मोबाइलवरून गावभर करू नये. तो पत्ता नको त्याच्याही हाती पडतो.

गिऱ्हाईक कुठले?

एक कटू गोष्ट सांगायला हवी. पक्षी पकडणारा बहुधा गरीब असतो आणि त्याच्या पदरात थोडेच पडते. नखासाठी, पिसासाठी मोठी रक्कम मोजणारा मात्र रानात राहत नाही. तो शहरात राहतो, शिकलेला असतो, कधी धंद्यात खोट आलेला, कधी उगाच हव्यासाला पडलेला. तो आपल्या ओळखीचा असू शकतो, आपल्या नात्यातलाही असू शकतो. पिंजऱ्यातला पोपट बाळगणाऱ्या कित्येक घरांना तर आपण कायदा मोडतो आहोत, याची कल्पनाही नसते. रानातल्या फाशाची खबर देणे त्यामानाने सोपे. आपल्याच बैठकीत "अमुक बाबा अमावास्येला घुबडाचा विधी करतात" असे कोणी सांगू लागला, तेव्हा त्याला थांबवणे आणि त्या बाबाची खबर देणे अधिक कठीण. संबंध बिघडतील ही भीती असते. पण गिऱ्हाईक उरले नाही, तर फासा लावणारा कोणासाठी लावील?

या अमावास्येच्या रात्री पणत्या लावून झाल्या, की घरातल्या मुलांना शहाद्याजवळच्या त्या पिंगळ्याची गोष्ट जरूर सांगा आणि १९२६ हा आकडा त्यांच्याकडून पाठ करून घ्या. शंभरावर वर्षे हरवलेला हा पाहुणा आपल्याच अंगणात सापडला आहे. त्याला पुन्हा शोधायची पाळी येऊ नये.